ती सही माझी होती

मधुकर भामरे गेल्याचं जगतापने फोनवर सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो. जानेवारीतली सकाळ, अर्ध्या गालाला फेस. "मधू गेला रे... पहाटे, झोपेतच," एवढं बोलून जगतापला हुंदका आला. जगताप म्हणजे आमच्या कारखान्यातला युनियनचा पुढारी, घोषणा देऊन आवाज कायमचा बसलेला गडी, आणि तो लहान मुलासारखा रडत होता. मी "अरेरे" म्हणालो. पण माझ्या मनात पहिला शब्द उमटला तो वेगळा होता. "सुटलो." फोन ठेवून मी उरलेला गाल आवरला, शांतपणे, कुठेही न कापता. मग मंगलला, माझ्या बायकोला, बातमी सांगितली. तिने पिठाचे हात तसेच ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात दहा वर्षं एक गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत होती, आणि त्या क्षणी आम्ही दोघेही तिचाच विचार करत होतो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. तेही लिहीन, कारण मधूमध्ये चांगलं पुष्कळ होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. पण आधी मुद्द्याचं. अंबडच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघे होतो, तिथून १९९९ साली मधूला खोटी सही केल्याबद्दल बडतर्फ केलं. भाडेपावतीवर अरुण देवरे या सहकाऱ्याची खोटी सही. अरुण देवरे म्हणजे मी. ती सही खोटी नव्हती. मी केली होती, माझ्या हाताने, माझ्या ओट्यावर बसून. मी ती नाकारली, आणि मधूची एकुलती एक मुलगी, मनीषा, आपला बाप दुसऱ्याच्या सह्या मारणारा होता असं समजून मोठी झाली.

मी अकाउंट्समध्ये कारकून होतो, मधू टाइम ऑफिसला. तो मूळचा सटाण्याकडचा. मजेत असला की अहिराणीवर यायचा. "कसा शे, अरुणशेठ?" असं दारातूनच ओरडायचा. उंच, किंचित वाकलेला, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक काळं. फॉर्म हा प्रकार त्याला मनापासून आवडायचा. आपण फॉर्म हातात आला की नाव-गाव लिहायला घेतो. हा आधी उलटा करून मागचं बारीक छापलेलं वाचायचा, ओठ हलवत, एखादी जुनी चिठ्ठी वाचावी तसं. एप्रिलच्या शेवटाला कंपनीकडून पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, सोळा नंबरचा फॉर्म, मिळायचा. बहुतेक कामगार त्याची घडी करून लोखंडी कपाटात टाकत. मधू जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या फळ्यावर खडूने तो फॉर्म काढायचा आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून सांगायचा. "हे तुमचं वर्षाचं प्रगतीपुस्तक. वाचल्याशिवाय बापाची सही घेतो का आपण?" नवीन लग्न झालेला कुणी दिसला की त्याला हटकायचा, "काय रे, प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवर अजून आईचंच नाव आहे ना? लग्न झालं की ते नॉमिनेशन बाद होतं. नवा फॉर्म भर. नाहीतर तुझ्या बायकोला जाऊन सांगतो, मग बघ." पोरं हसायची आणि संध्याकाळी निमूट फॉर्म मागायला यायची. फळ्याच्या कोपऱ्यात तो एक चौकट आखायचा आणि तिच्यात मुदत लिहायचा. तेव्हा पगारदारांचं रिटर्न जूनअखेर भरावं लागे. जुलैची एकतीस नंतर झाली. ती चौकट पुसायची कुणाची हिंमत नव्हती.

आणि मी काय करत होतो? मीही कामगारांचे फॉर्म भरून द्यायचो. एका फॉर्मचे तीस रुपये. त्यात गैर काही नव्हतं, असं मी आजही म्हणेन. लोकांना शिकायचं नसतं, काम व्हायला हवं असतं. पण एकीकडे मधू फुकट शिकवतोय आणि दुसरीकडे मी टेबलाखालून तीस रुपये घेतोय, ही तुलना रोज कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायची. "अरुणशेठ" हे नाव मला त्यातूनच पडलेलं.

आता भाडेपावत्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्या काळात पगारदार असलेल्या पुष्कळ वाचकांना ते ठाऊक असेल आणि बाकीच्यांना खरं वाटणार नाही. पगारात घरभाडे भत्ता असायचा. तुम्ही खरंच भाडं भरत असाल तर त्यावर करात सूट. पण आमच्यातले बहुतेक सिडकोत स्वतःच्या नाहीतर बायकोच्या नावावरच्या घरात राहायचे. मग दर फेब्रुवारीत, अकाउंट्सकडे पुरावे द्यायची तारीख जवळ आली की, लोक एकमेकांचे घरमालक व्हायचे. वेल्डिंगवाला पाटील स्टोअरच्या शिंद्याचा मालक, शिंदे आणखी कुणाचा. पावतीपुस्तक स्टेशनरीच्या दुकानात मिळायचं. त्यावर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा आणि स्टॅम्पावरून आडवी सही ठोकायची. मधू राहायचा बायकोच्या, सुनंदावहिनींच्या, नावावरच्या घरात, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. कागदावर मात्र तो माझ्या वरच्या खोलीत भाड्याने होता. त्या खोलीत आमच्या गाद्या आणि गव्हाची पोती असायची. वहिनी हळदीकुंकवाला आल्या की मंगलला म्हणायच्या, "आमचे हे तुमच्याकडे वर राहतात म्हणे! बघा हं, जेवायला तेवढे इकडे पाठवत जा." नियमाने चालणारा मधू यात कसा आला, असं कुणी विचारेल. मी त्याला एकदा विचारलं होतं. तो जरा ओशाळला. "सगळ्या बाबतीत नीट वागायला माणूस थोडाच जन्माला येतो?" म्हणाला. पाच वर्षं मी त्याच्या पावत्यांवर सह्या केल्या. आणखी एक गंमत होती, आणि तिच्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं. असल्या कागदावर हजेरीपटावरची सही करायला सगळेच घाबरत. म्हणून ऑफिसात इंग्रजीत सही करणारे पावतीवर मराठीत करायचे. मीही.

१९९८ च्या उन्हाळ्यात 'सरल' नावाचा नवा एकपानी फॉर्म आला. जुना लांबलचक फॉर्म गेला म्हणून लोक खूश. त्या वर्षी माझ्याकडे त्रेचाळीस जण आले. मी एका आठवड्यात त्रेचाळीस फॉर्म भरले, सह्या घेतल्या आणि शेवटच्या दिवशी, तीस जूनला, गठ्ठा लुनावर बांधून आयकर कचेरीत गेलो. रांग दरवाज्याबाहेर. माझा नंबर आला तेव्हा बारा वाजून गेले होते. खिडकीतल्या माणसाने वरचा फॉर्म बघितला, मधला बघितला, तळचा बघितला. "हे मागच्या वर्षाचे?" म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने फॉर्मच्या डोक्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. ज्या वर्षी आपण कमावतो ते आर्थिक वर्ष, आणि त्या कमाईचा हिशोब ज्यात होतो ते त्याच्या पुढचं, असेसमेंट वर्ष. फॉर्मवर पुढचं लिहायचं असतं. मी त्रेचाळीस ठिकाणी कमावल्याचं वर्ष लिहिलं होतं. अकाउंट्समधल्या माणसाने! "न्या परत, मुदत आजची आहे," म्हणत त्याने गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

मी अंबडला परतलो तो घामाने निथळत. सगळ्यात आधी टाइम ऑफिसला गेलो, मधूकडे. दुसरं कोण होतं? त्याने एक शब्द विचारला नाही. एकाला झेरॉक्सला पिटाळलं, कोरे फॉर्म मागवले, सुपरवायझरला गाठून दहा-दहा जणांना मशीनवरून सोडवून घेतलं. मी म्हटलं, वरचं वर्ष खोडून दुरुस्त करू. "सरकारी कागदावर गिरवागिरवी नाही," म्हणाला. कॅन्टीनमध्ये फळ्यासमोर उभा राहिला आणि त्रेचाळीस जणांकडून फॉर्म त्यांच्या-त्यांच्या हाताने भरून घेतले. "कमावलं कधी? सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. मग वर काय लिहायचं? त्याच्या पुढचं. आपण जेवतो आधी, सरकार जेवतं नंतर. कळलं?" सगळे ओरडले, कळलं. खिडकी बंद व्हायच्या आत आम्ही दोघांनी गठ्ठा पोचवला. एकाचंही रिटर्न चुकलं नाही.

इथेच थांबला असता तर मी आयुष्यभर त्याचे उपकार मानले असते. पण कॅन्टीनमधून निघताना, गठ्ठा काखेत मारून, दारात वळून तो सगळ्यांना म्हणाला, "अरुणशेठनी तुम्हाला गेल्या सालात नेऊन सोडलं होतं की रे! तीस रुपयांत एवढा लांबचा प्रवास एसटीसुद्धा घडवत नाही." कॅन्टीनमध्ये हशा फुटला. लेथवरच्या कुणीतरी आरोळी ठोकली, "ओ मागचं साल!" आणि झालं. दुसऱ्या दिवसापासून मी मागचं साल. गेटवरचा वॉचमन, कॅन्टीनचा वाढपी, माझ्या हाताखाली नुकतीच लागलेली मुलगी... "मागचं सालनी चेक पास केला का?" महिन्याभराने ते सिडकोत पोचलं. मंगल भाजी घेत होती, तर शेजारची बाई भाजीवाल्याला म्हणाली, "यांना नीट ताजी दे बाबा, मागच्या सालातली नको." मंगलला कळलं नाही, तिने घरी येऊन मला विचारलं. मला तिला समजावून सांगावं लागलं. तो प्रसंग... मी मधूला दिलेल्या शिक्षेचा खरा आरंभ तिथे आहे. आजही ते दोन शब्द आठवले की माझे दात एकमेकांवर आवळले जातात. माणूस मेला, कारखाना बंद पडला, आणि माझे दात अजून आवळतात.

मधूच्या ते गावीही नव्हतं. फेब्रुवारीत तो नेहमीसारखा पावत्या घेऊन ओट्यावर आला. "अरुणशेठ, करा सह्या, भाडेकरू हजर आहे." मी सह्या केल्या. मंगलने त्याला पोहे दिले. त्याच महिन्यात कंपनीत नवे फायनान्स मॅनेजर आले होते, पुण्याहून. कर कमी कापला गेला तर उद्या कंपनीच्या गळ्याशी येईल म्हणून त्यांनी भाडेपावत्या तपासायला काढल्या. ज्या पावत्यांवर घरमालक म्हणून आमच्यातल्याच कुणाचं नाव होतं, त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, आणि मी त्यांच्याच खात्यातला, म्हणून सगळ्यात आधी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मधूच्या बारा पावत्या. "देवरे, ही तुमची सही?"

हो म्हणालो असतो तर काय झालं असतं ते मला त्या वेळी नीट माहीत होतं. साहेब रागावले असते, मधूची सूट रद्द झाली असती, दोन हजाराच्या आतला कर मार्चच्या पगारातून कापला गेला असता, दोघांना एकेक समजपत्र. पंधरा दिवसांत लोक विसरले असते. पण माझ्यासमोर मराठीतली सही होती, आणि कंपनीच्या दप्तरात माझी मराठीतली एकही सही नव्हती. हे मला एका क्षणात दिसलं, जसं कधी कधी बेरजेचं उत्तर आकडे मांडायच्या आधी दिसतं. मी पावती उचलली, उजेडाकडे धरली, वेळ घेतला. "नाही साहेब," म्हणालो, "माझी सही इंग्रजीत असते." आणि वर आणखी, न विचारता, "भामरे असं करेल असं वाटलं नव्हतं."

ते शेवटचं वाक्य मी लिहिणार नव्हतो.

चार दिवसांत मधू निलंबित झाला. चौकशी चालली तीन महिने. चौकशी अधिकारी एक वकील होते. त्यांनी मला तीन वेगवेगळ्या बैठकांत एकच प्रश्न विचारला आणि मी तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मधू समोर बसलेला असायचा. पहिल्या दिवशी त्याला गंमत वाटत असावी. मी आता हसेन आणि सांगून टाकेन, अशा चेहऱ्याने तो माझ्याकडे बघत होता. "त्यांचीच सही आहे साहेब, माझ्यासमोर केली, त्यांच्या ओट्यावर. पोहे खाल्ले आम्ही." वकिलांनी लिहून घेतलं, "पोहे?" तिसऱ्या बैठकीला त्याने माझ्याकडे बघणं सोडलं. पावत्यांचा खेळ कारखान्यातल्या शंभर माणसांना ठाऊक होता. कुणी तोंड उघडलं नाही, कारण प्रत्येकाची एक पावती त्याच गठ्ठ्यात होती. जगतापने त्याला राजीनामा द्यायला सांगितलं, म्हणजे निदान कागदावर डाग राहणार नाही. "राजीनामा दिला म्हणजे सही मी केली," मधू म्हणाला, आणि दिला नाही. बडतर्फीची नोटीस कॅन्टीनमध्ये लागली. शेजारच्या फळ्यावर त्याने आखलेली चौकट तशीच होती. त्या वर्षीची मुदत तिच्यात कुणीच लिहिली नव्हती.

मला आनंद झाला. हे सरळ लिहितो, कारण या लेखात खोटं लिहायचं तर मग तो लिहूच नये. मला आनंद झाला, आणि तो दोन वर्षं टिकला. मधू कारखान्यातून गेल्यावर मला मागचं साल म्हणायचं आपोआप बंद झालं. लोक मला जरा घाबरायलाच लागले. मधूने घराच्या गॅलरीत टेबल टाकलं आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायला लागला. पैसे घेऊन. किती, ते मी मुद्दाम एकाला विचारायला पाठवलं. तीस रुपये! मी संध्याकाळी दोन गल्ल्यांचा वळसा घालून त्याच्या गॅलरीसमोरून जायचो, त्याला टेबलाशी वाकलेला बघायला. घरी येऊन चवीने जेवायचो.

बडतर्फीनंतर तो माझ्याशी एकदाच बोलला. हिशोबाचे कागद घ्यायला कंपनीत आला होता, गेटबाहेर सायकलला टेकून माझी वाट बघत होता. "हो म्हणाला असतास तर काय गेलं असतं रे तुझं?" मी म्हणालो, "वर्षभर मला काय म्हणायचे लोक? कुणामुळे?" त्याने सायकल सरळ केली. "म्हणून?" म्हणाला. परत एकदा म्हणाला, "म्हणून?" मग सायकल वळवताना शांतपणे बोलला, "ठीक आहे. तुला मी विसरू देणार नाही."

पुढच्या मार्चमध्ये पोस्टाने एक पाकीट आलं. आत एक भाडेपावती. मधूच्या सुंदर अक्षरात भरलेली: श्री. मधुकर भामरे यांजकडून वरच्या खोलीचे मार्च महिन्याचे भाडे मिळाले. रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला. सहीची जागा कोरी. बाकी एक ओळ नाही. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये दुसरी आली. मग दरवर्षी. नोकरी नसलेल्या माणसाला कसली आली घरभाड्याची सूट? पण पावती यायची, आणि वर्ष अचूक लिहिलेलं असायचं, जरा जास्तच ठळक. मंगल म्हणायची, "एकदा सही करून देऊन टाका ना हो त्यांना." मी पाकीट गाद्यांखाली सारायचो. फेब्रुवारी उजाडला की माझी झोप उडायची. पोस्टमन गल्लीत शिरला की मी आतल्या खोलीत. माझा आनंद दोन वर्षांत का संपला, त्याचं उत्तर हे. पश्चात्ताप वगैरे नव्हता तो. मधू माझ्यावर सूड घेत होता आणि मला तो लागत होता, इतकंच. पश्चात्ताप नंतर आला, तोही त्याच्यामुळे नाही. मनीषा अकरावीत होती तेव्हा वहिनी मंगलला म्हणाल्या होत्या, पोरगी फीसवलतीच्या फॉर्मवर बापाची सही घेत नाही, आई तू कर म्हणते. फॉर्म वाचायला शिकवणारा मधू, आणि त्याच्या मुलीला फॉर्मवर त्याची सही नको होती... हे मंगलने मला जेवताना सांगितलं. मी ताटावरून उठलो नाही. पूर्ण जेवलो. पण त्यानंतर त्याच्या गॅलरीसमोरून जाणं मला जमलं नाही.

कारखाना २००६ मध्ये बंद झाला, आम्हाला पैसे देऊन घरी बसवलं. मला नोकरी जाण्याची भीती होती म्हणून मी गप्प होतो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. त्या दिवशी ते कारण संपलं. तरी मी गप्पच राहिलो. आणखी तीन वर्षं.

मधूची शोकसभा सिडकोतल्या एका हॉलमध्ये झाली. दीडशे माणसं तरी असतील. कुणी सांगत होता, माझ्या पेन्शनचा फॉर्म त्यांनी भरला. कुणी सांगत होता, वारसाचं नाव त्यांनी बदलून घेतलं म्हणून माझ्या बहिणीला पैसे मिळाले. मलाही बोलायला लावलं. मी तीस जूनची गोष्ट सांगितली, माझी फजिती, त्याने भरून घेतलेले त्रेचाळीस फॉर्म. लोक हसले, डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो तेव्हा मला बरं वाटत होतं. मग जगताप उठला. म्हणाला, "ते एक सहीचं प्रकरण सोडलं, तर मधूसारखा सरळ माणूस मी पाहिला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रेमाने, माफ करून टाकल्यासारख्या. पहिल्या रांगेत मनीषा बसली होती. तिने मान खाली घातली. सव्वीस वर्षांची मुलगी, बँकेत नोकरी करते, दीडशे माणसांसमोर बापाच्या शोकसभेत मान खाली घालून बसली, आणि मी तिच्यापासून चार खुर्च्यांवर होतो.

मी उठलो नाही. उठायला तीन आठवडे लागले. एका दुपारी गाद्यांखालच्या दहाही पावत्यांवर मराठीत सह्या केल्या, त्या पाकिटात घातल्या आणि त्यांच्या घरी गेलो. मनीषाने दार उघडलं. वहिनी आतल्या खोलीत पडून होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, केबिनमधल्या त्या शेवटच्या वाक्यासकट. मी पाकीट पुढे केलं.

"हे काय?"

"सह्या केल्यात. सगळ्यांवर."

"आता?" तिने पाकीट घेतलं नाही. "काका, बँकेत मी दिवसभर लोकांच्या सह्या ताडून बघते. बाबांनी चार्जशीटबरोबरची त्या पावत्यांची झेरॉक्स जपून ठेवली होती. मी नोकरीला लागले तेव्हा ती माझ्यासमोर धरून म्हणाले, तू तरी नीट बघ गं, ही माझी वळणं आहेत का? मी बघितलं नाही. म्हटलं, जाऊ द्या ना बाबा, झालं ते झालं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी त्यांना माफ केलं होतं, काका. त्यांनी न केलेल्या गोष्टीबद्दल. आणि त्यांनी ते ऐकून घेतलं."

मी म्हणालो, तू म्हणशील ते लिहून देतो. तुला पत्र देतो, स्टॅम्प पेपरवर देतो.

"मला काय करायचंय पत्र? मी कुणाला दाखवत फिरू?" ती म्हणाली. "त्या हॉलमध्ये होते त्या सगळ्यांच्या घरी रविवारचा पेपर येतो. त्यात लिहा. नावासकट. आणि बाबा किती चांगले होते ते नका सांगत बसू, ते तुम्ही सभेत सांगितलंत, टाळ्या पण घेतल्यात. तुम्ही काय केलंत ते लिहा. मग मी तुम्हाला माफ करीन असं समजू नका. नाही करणार. पण लोक तुमच्याकडे बघतील ना, ते मला बघायचंय."

आतून वहिनींचा आवाज आला, "कोण आलंय गं?" मनीषा माझ्याकडे बघत राहिली. मीच उत्तर द्यावं, असं. मी म्हणालो, "वहिनी, मी अरुण." आतून पंख्याचं बटण दाबल्याचा आवाज आला, आणि दार लागल्याचा.

तर मनीषा, लिहिलं. तू सांगितलं होतंस तसं मला पूर्ण जमलं नाही. मधू चांगला होता हे अधूनमधून आलंच, ते टाळता येत नव्हतं.

कारखान्यातली जुनी मंडळी दर रविवारी सकाळी सिडकोच्या बागेत, गेटजवळच्या दोन बाकांवर जमतात. जगताप पेपर आणतो आणि त्यातला ठळक मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, कारण निम्म्यांचे चष्मे घरी राहिलेले असतात. मी तिथे दर रविवारी असतो. या रविवारीही असेन, नऊ वाजता, नेहमीच्या जागेवर. आज जगतापला हे वाचावं लागेल, माझ्या शेजारी बसून, त्याच्या त्या बसक्या आवाजात. मी उठून जाणार नाही. मनीषा, बागेचं गेट तुमच्या गॅलरीतून दिसतं.